ड्रममधलं कूलंट आणि टाकीतलं कूलंट

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौदा मशीनचं शॉप, बहुतेक सीएनसी (संगणकावर चालणारी) लेथ आणि मिलिंग, म्हणजे धातू कापणारी मशीनं, शिवाय दोन ग्राइंडर, म्हणजे धातू घासणारी. सगळीकडे पाण्यात मिसळायचं सेमी-सिंथेटिक (थोडं तेल, बाकी रसायनं) कूलंट, म्हणजे धातू कापताना-घासताना तो गार ठेवणारा, मशीनच्या टाकीतून पुन्हा पुन्हा फिरणारा द्रव. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी शॉपमध्ये सडक्या अंड्यांसारखा वास येतो. दोन ऑपरेटरच्या हातांना पुरळ आणि भेगा आहेत. तिसरा ग्राइंडरवर असतो. त्याला दोन महिने कोरडा खोकला आहे, मधूनमधून संध्याकाळी ताप येतो, आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले आहेत. कूलंट पुरवणारा सेफ्टी डेटा शीट (मालातली रसायनं आणि त्यांचे धोके सांगणारा कागद) दाखवून सांगतो की माल सुरक्षित आहे. सुपरवायझरने विचारलंय: कूलंट बदलू का, आणि मास्क-हातमोजे कोणते देऊ?

मी सव्वीस वर्षं शॉप फ्लोअरवर आहे. त्यातली शेवटची सतरा कामगारांचं आरोग्य आणि हवा-द्रवांची तपासणी याच कामात गेली. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण सुरुवात खोकल्याच्या माणसापासून करतो. बाकीची कामं आठवडाभर इकडेतिकडे झाली तरी चालतील. हे आजच करा.

त्याला उद्यापासून ग्राइंडरवर, किंबहुना कूलंटच्या कुठल्याच मशीनवर उभं करू नका. पगार आणि हुद्दा तसाच ठेवून त्याला तपासणीच्या खोलीत किंवा स्टोअरमध्ये काम द्या. मग त्याच्याजवळ बसून चार गोष्टी विचारा. ताप शिफ्ट सुरू झाल्यावर किती तासांनी येतो? साप्ताहिक सुट्टीला बरं वाटतं का? लांब रजेवर असताना खोकला थांबला होता का? वजन कमी झालंय का, जिना चढताना दम लागतो का? शिफ्ट सुरू झाल्यावर चार ते आठ तासांनी अंग मोडून येणं, थंडी-ताप, कोरडा खोकला, आणि रजेवर हे सगळं ओसरणं, असा मेळ बसत असेल तर तो हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असू शकतो. हवेतले जंतूंचे अंश श्वासातून खोलवर जातात आणि शरीराची प्रतिकारशक्ती फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांपाशीच त्यांच्याशी लढायला लागते, त्यातून ही सूज येते. इथे जंतू फुप्फुसात वाढत नसतात, म्हणून अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. तरी माणूस बरा होतो, कारण गोळ्या घेताना तो घरी असतो. मग सगळ्यांना वाटतं, औषध लागू पडलं. तो कामावर परततो आणि पंधरा दिवसांत पुन्हा आजारी.

एका ग्राइंडिंग ऑपरेटरच्या बाबतीत हे मी अगदी जवळून पाहिलंय. वर्षात तीनदा 'न्यूमोनिया'. सगळे म्हणायचे, याची छातीच नाजूक. मी त्याचा हजेरीपट मागवला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या तारखा त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिल्या. तिन्ही वेळा तो लांब रजेहून परत आल्यावर तिसऱ्या आठवड्याच्या आत आजारी पडला होता. हा एक कागद घेऊन तो छातीच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा कुठे निदानाची दिशा बदलली. त्याचं नशीब की फुप्फुसाला कायमचे व्रण पडायच्या आत हे झालं. संपर्क वेळेत तुटला तर हा आजार बहुतेकदा मागे फिरतो. वर्षानुवर्षं चालू राहिला तर फुप्फुस घट्ट होतं आणि ते पुन्हा मऊ होत नाही.

म्हणून तुमच्या माणसाबरोबर डॉक्टरांकडे एक चिठ्ठी द्या: काम काय, कुठल्या मशीनवर, किती वर्षं, कूलंटचं नाव, त्यात टाकलेल्या जंतुनाशकाचं नाव, त्रासाच्या तारखा आणि सुट्टीच्या तारखा. डेटा शीटची प्रत जोडा. छाती घरघरते, सकाळी घट्ट वाटते, अशी तक्रार असेल तर तो व्यवसायजन्य दमाही असू शकतो. त्यासाठी पीक फ्लो मीटरवर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीवर) दिवसातून किमान चार वेळा, कामाच्या आणि सुट्टीच्या अशा दोन्ही दिवशी, चार आठवडे फुंकून आकडे लिहून ठेवायला सांगा. ते आकडे डॉक्टरांच्या फार उपयोगाचे असतात.

आणि एकाला झालंय तर इतरांनाही विचारायलाच हवं. 2003-04 मध्ये ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिजच्या एका इंजिन कारखान्यात या आजाराचे आणि दम्याचे अनेक रुग्ण एकाच छताखाली सापडले. त्याआधी 1981 मध्ये कॅनडातल्या विंडसरच्या इंजिन कारखान्यात 317 कामगार तापाने आजारी पडले आणि त्यांच्या कूलंटमध्ये लिजिओनेला या जीवाणूची तोवर अज्ञात असलेली जात मिळाली. दोन्ही ठिकाणी माल नावाजलेल्या पुरवठादारांचाच असणार आणि डेटा शीटही नीट असणार. गडबड टाकीत झाली होती.

तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. पुरवठादार खोटं बोलत नाही. तो ड्रमबद्दल बोलतोय आणि तुमचा माणूस टाकीतला द्रव श्वासात घेतोय. डेटा शीट ही न मिसळलेल्या, न वापरलेल्या मालाची असते. तीन महिन्यांनी त्या टाकीत काय असतं बघा. स्लाइडवेचं (मशीनचे भाग ज्यावरून सरकतात त्या पट्ट्यांचं) आणि हायड्रॉलिकचं गळलेलं तेल. धातूचा बारीक कीस. कार्बाइड (हत्यारांचा अतिकठीण पदार्थ) ग्राइंड होत असेल तर विरघळलेलं कोबाल्ट. बाष्पीभवनाने घट्ट होत गेलेले पाण्यातले क्षार. फरशी पुसलेलं पाणी, कुणीतरी टाकलेली चिंधी. आणि या सगळ्यावर पोसलेले कोट्यवधी जीवाणू. म्हणून 'कूलंट सुरक्षित आहे का' असं विचारून फार हाती लागत नाही. या टाकीकडे रोज कोण बघतं, ते विचारा. बहुतेक शॉपमध्ये त्याचं उत्तर 'सगळेच' असं येतं, म्हणजे कुणीच नाही.

सडक्या अंड्यांच्या वासाचं तर कारणही पक्कं माहीत आहे. मशीन बंद असताना गळलेलं तेल वर येऊन साय धरल्यासारखं पसरतं आणि खालच्या द्रवाला हवा मिळत नाही. तळाच्या किसात प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू असतात, ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सुट्टीभर तो वायू आतच साठतो. सकाळी पंप सुरू झाला, द्रव घुसळला गेला, की सगळा एकदम बाहेर. म्हणजे हा वास सकाळी आला असला तरी त्याची तयारी कित्येक आठवडे चालू होती. सेंट्रल टाकी किंवा जमिनीखालचा खड्डा असेल तर हा वायू जीवघेणा ठरतो. तो जास्त प्रमाणात असला की नाक बधिर होतं आणि वास यायचाच बंद होतो. खड्ड्यात साफसफाईला माणूस उतरवायचा असेल तर हवा तपासून, पंख्याने हवा खेळती करून, बाहेर दुसरा माणूस आणि बाहेर ओढून काढायची सोय ठेवून, लेखी परवान्यानेच. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून कुणालाही उतरू देऊ नका. वाचवायला मागोमाग उतरणारा दुसराही त्यातच जातो.

वास आला की बरीच माणसं हमखास करतात ती चूक म्हणजे जंतुनाशकाचा कॅन उचलून टाकीत ओतणं. त्याने वास जातो, धोका जात नाही. एक तर मेलेल्या जीवाणूंच्या भिंतीतून सुटणारं एंडोटॉक्सिन द्रवातच राहतं, फवाऱ्याबरोबर हवेत येतं आणि श्वासनलिकेला त्रास देतच राहतं. दुसरं, नेहमीचे जीवाणू मारले गेले की मायकोबॅक्टेरियासारखे चिवट जंतू रिकाम्या जागेत वाढतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ते बरेच दाद देत नाहीत आणि साध्या डिपस्लाइडवर (द्रवात बुडवून जंतू मोजायच्या पट्टीवर) बऱ्याचदा दिसतही नाहीत. त्यांच्यातलाच मायकोबॅक्टेरियम इम्युनोजेनम हा मी वर सांगितलेल्या फुप्फुसाच्या आजाराशी जोडला गेला आहे. तिसरं, जंतुनाशक स्वतःच निरुपद्रवी नसतं. काहींतून हळूहळू फॉर्माल्डिहाइड सुटतं, आयसोथायझोलिनोन गटातली जंतुनाशकं कातडीला ॲलर्जी आणण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. तुमच्या दोन ऑपरेटरच्या हातांचं पुरळ कधी सुरू झालं आणि टाकीत शेवटचं जंतुनाशक कधी पडलं, या दोन तारखा एकदा जुळवून बघा. जंतुनाशक वापरायचंच नाही असं मी म्हणत नाही. मोजून, पुरवठादाराने त्याच कूलंटसाठी सांगितलेलंच, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि द्रव अजून बरा असताना वापरायचं. सडलेल्या टाकीवर तो उपाय नाही. सडलेली टाकी रिकामीच करावी लागते.

आता हात. कूलंटचा पीएच साधारण 8.5 ते 9.5 असतो, म्हणजे अल्कधर्मी. आपल्या कातडीचा 5 च्या आसपास, आम्लधर्मी. त्यात साबणासारखी इमल्सिफायर द्रव्यं असतात, ती तेलाला पाण्यात धरून ठेवतात आणि कातडीतलं नैसर्गिक स्निग्धही ओढून काढतात. शिफ्टभर हात ओले, सुके, पुन्हा ओले. सुकताना हातावरचं पाणी उडतं आणि कूलंट घट्ट होत जातं. त्यावर किसाच्या बारीक धारांनी झालेले, डोळ्यांना न दिसणारे ओरखडे. पहिली खूण बोटांच्या बेचक्यांत दिसते, मग हाताच्या मागच्या बाजूला, आणि अंगठी घालत असेल तर अंगठीच्या खाली, कारण तिथे द्रव अडकून बसतो. शिफ्टच्या सुरुवातीला हात पुढे करायला सांगा आणि या तीन जागा बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कोरडेपणा दिसला त्याच दिवशी थांबवता येतं. भेगा पडल्यावर महिने जातात. आणि एकदा निकेल, क्रोमियम, कोबाल्ट किंवा जंतुनाशकाची खरी ॲलर्जी बसली की ती सहसा जन्मभराची. मग त्या माणसाला कितीही सौम्य मिश्रण दिलं तरी त्रास होतो. कशाची ॲलर्जी आहे ते त्वचारोगतज्ज्ञाच्या पॅच टेस्टने (संशयित पदार्थ कातडीला चिकटवून बघायच्या तपासणीने) कळतं, आणि ती करून घ्यावी, कारण त्यावर त्याचं पुढचं काम ठरतं.

निट ऑइल, म्हणजे पाणी न मिसळता वापरायचं कटिंग ऑइल, याचं दुखणं निराळं. त्याने केसांची मुळं बंद होतात. दंडांवर, मांड्यांवर, जिथे तेलाने भिजलेले कपडे घासतात तिथे काळे ठिपके आणि फोड येतात. याच्यामागे एक जुना आणि फार दुःखद इतिहास आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत सूत कातायच्या म्यूल यंत्रावर काम करणाऱ्यांच्या कपड्यांवर स्पिंडलचं तेल उडायचं, आणि त्यांच्यात अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग आढळायचा. 1922 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ते नोंदवलं. पुढे ऑटोमॅटिक लेथवरच्या सेटरमध्येही (मशीन कामासाठी लावून देणाऱ्या कामगारांमध्येही) तोच रोग दिसला. कारण होतं त्या काळच्या कमी शुद्ध केलेल्या खनिज तेलात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अशा तेलांना माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात धरते. चांगलं शुद्ध केलेलं तेल त्या गटात नाही. म्हणून निट ऑइल घेताना डेटा शीटवर बेस ऑइल कितपत शुद्ध केलंय ते वाचा, आणि भंगारातलं, गाळून परत आणलेलं, कुठून आलं ते माहीत नसलेलं तेल शॉपमध्ये घेऊच नका. तेलकट फडकं पँटच्या खिशात ठेवायची सवय आजही सर्रास दिसते. ते फडकं आठ तास मांडीला चिकटून असतं. ती सवय आजच मोडा. हँडलजवळ एक हूक लावला की काम होतं. काही दिवस आठवण करून द्यावी लागेल, इतकंच.

हातमोज्यांबद्दल तुम्ही विचारलंत. फिरत्या स्पिंडलजवळ, ड्रिलजवळ, हाताने चालवायच्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला तर बोट नाही, हात जातो, आणि ते डोळ्यांदेखत होतं. कूलंट मिसळताना, टाकी साफ करताना, मशीन बंद असताना जॉब (ज्यावर काम चालतं तो धातूचा तुकडा) काढता-लावताना नायट्राइलचे, मनगटाच्या वर येणारे मोजे द्या. आतून ओले झालेले मोजे न घातल्यापेक्षा वाईट, तेव्हा बदलायला पुरेसे जोड हवेत. बॅरियर क्रीम मोज्याची जागा घेत नाही. त्याने नंतर हात धुणं सोपं होतं, एवढंच. शिफ्ट संपल्यावर धुतलेल्या हातांना लावायचं साधं मॉइश्चरायझर मात्र मला फार मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच स्टोअरमध्ये नसतं. हात धुवायला रेती घातलेली पेस्ट, थिनर, रॉकेल नको. कूलंटच्या धारेखाली हात धुणाराही मी पाहिलाय. जवळ नळ नव्हता म्हणून तो तसं करायचा. मशीनपासून वीस पावलांच्या आत नळ, सौम्य साबण आणि कोरडा टॉवेल ठेवा, फरक लगेच दिसतो.

आता हवेकडे येतो, कारण फुप्फुसाचं सगळं तिथेच ठरतं. स्पिंडलचा वेग जितका जास्त आणि धारेचा दाब जितका जास्त, तितकं धुकं बारीक. ग्राइंडिंगमध्ये सर्वांत बारीक, म्हणून तुमचा आजारी माणूस ग्राइंडरवरचा आहे याचं मला आश्चर्य वाटत नाही. हे धुकं ट्यूबलाइटच्या उजेडात दिसत नाही. रात्रपाळीत जा, ग्राइंडरजवळचे दिवे घालवा, आणि एक तेज, अरुंद झोताची बॅटरी मशीनच्या दारापुढच्या हवेत पलीकडच्या बाजूने आपल्याकडे रोखायला दुसऱ्याला सांगा. बॅटरी आणि आपले डोळे यांच्या मध्ये पुठ्ठा धरा म्हणजे डोळे दिपणार नाहीत, फक्त झोत दिसेल. सायकल संपून दार उघडलं की त्या झोतातून पांढऱ्या धुराचा लोळ निघून सरळ ऑपरेटरच्या तोंडाकडे जाताना दिसतो. मी हे दाखवतो तेव्हा जुने जाणते कामगारही गप्प होतात. वीस वर्षं ज्यात उभे राहिले ते पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. मालकांना पटवायलाही याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

हाच झोत उपायही शिकवतो. दार बंद करून, मिस्ट कलेक्टर (धुकं ओढून गाळणारं यंत्र) चालू ठेवून, सायकल संपल्यावर आतलं धुकं किती सेकंदांत निवळतं ते घड्याळ लावून मोजा. जितके सेकंद लागतात तितका वेळ दार उघडू नये. शक्य तिथे ते इंटरलॉकवरच (तोवर दार उघडूच न देणाऱ्या कुलुपावर) बसवून घ्या. 'सायकल टाइम वाढेल' ही तक्रार येईल. ती खरी आहे, आणि तिचं उत्तर कलेक्टरची ओढ वाढवणं हे आहे, दार लवकर उघडणं हे नाही. कलेक्टरचा फिल्टर चोंदला की ओढ कमी होते आणि आवाजावरून ते कळत नाही, तेव्हा फिल्टरच्या अलीकडचा-पलीकडचा दाब दाखवणारा गेज लावून घ्या. कलेक्टरची हवा छताबाहेर सोडा. परत शॉपमध्येच सोडायची असेल तर शेवटी हेपा (अगदी बारीक कण अडवणारा) फिल्टर हवाच.

हवेची नळी हा माझा सगळ्यांत मोठा सल आहे. जॉबवरचं कूलंट आणि कीस उडवायला एअर गन मारली की टाकीतलं जे काही असेल ते क्षणात श्वासात जाईल इतकं बारीक होऊन चेहऱ्यासमोर पसरतं. मशीनचं दार, कलेक्टर, सगळ्यावर केलेला खर्च त्या एका फुंकरीने वाया. शिवाय कीस डोळ्यात जातो. कातडीवर दाबाची हवा मारली तर ती आतही शिरते, म्हणून अंगावरचे कपडे झटकायला तर कधीच नाही. जॉब दाराच्या आतच कमी दाबाच्या कूलंटच्या धारेने धुवा, थोडा वेळ जाळीवर निथळू द्या, व्हॅक्यूम वापरा. काही मशीनला टूलच्या जागी बसणारा, कीस झटकणारा पंखा मिळतो, तो दार बंद ठेवून चालवता येतो. नळी अगदीच टळत नसेल तर दार बंद, दाब कमी आणि लांब दांडी. एका शॉपमध्ये मी बाकी काहीच न बदलता फक्त ग्राइंडिंगच्या सगळ्या नळ्या काढायला लावल्या. पुढच्या मोजणीत धुकं इतकं खाली आलं की मोजणाऱ्याने हवेचा नमुना ओढणारा पंप दोनदा तपासला.

आकड्यांबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने 1998 मध्ये शिफारस केली ती अशी: श्वासनलिकांपर्यंत पोचणाऱ्या कणांचं प्रमाण हवेच्या एका घनमीटरमध्ये 0.4 मिलिग्रॅम, एकूण कण मोजले तर सुमारे 0.5 मिलिग्रॅम. तिथल्याच ओशाची (कामगार-सुरक्षेचे कायदे राबवणाऱ्या सरकारी खात्याची) खनिज तेलाच्या धुक्याची कायदेशीर मर्यादा मात्र 5 मिलिग्रॅम आहे. कायद्याच्या आकड्याखाली आहोत म्हणून निर्धास्त राहणारे म्हणजे शिफारशीच्या दहापट हवेत उभे असू शकतात. आणि नायॉशनेच स्पष्ट केलंय की 0.4 च्या खालीही काहींना दमा आणि न्यूमोनायटिस झालेला आहे. कारण वजन मोजून त्या धुक्यात कुठले जंतू आहेत हे कळत नाही. म्हणून मी हवेचा आकडा आणि टाकीचा आकडा नेहमी एकत्रच वाचतो.

मास्कचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. वरचं सगळं होईपर्यंतच्या काळात मास्क द्या, त्याऐवजी म्हणून देऊ नका. आणि एन95 देऊ नका. त्यातला 'एन' म्हणजे तेलाच्या कणांना न टिकणारा. तेलाच्या धुक्यासाठी 'आर' किंवा 'पी' वर्गाचा, किंवा युरोपियन मानकाचा एफएफपी2-एफएफपी3 हवा. तो चेहऱ्याला घट्ट बसतोय का हे तपासायला हवं. दाढी असेल तर बसणार नाही. न्यूमोनायटिस झालेल्या माणसाला मास्क लावून पुन्हा त्याच मशीनवर पाठवणं तर अजिबात नको.

टाकी कशी सांभाळायची? प्रत्येक मशीनमागे एक नाव, आणि सगळ्यांच्या वर एक जबाबदार माणूस, ज्याला या कामासाठी शिफ्टमध्ये वेळ दिलेला आहे. रोज रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून उजेड किती वाकतो ते दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) सांद्रता, म्हणजे पाण्यात कूलंट किती टक्के आहे ते. आकड्याला त्या कूलंटसाठी पुरवठादाराने दिलेल्या गुणकाने गुणायचं असतं, ते बहुतेक जण विसरतात. गळलेलं तेल जास्त झालं की रिफ्रॅक्टोमीटरमधली रेघ धूसर होते आणि आकडा खोटा वर दिसतो. रेघ धूसर दिसणं हीच स्किमर (वर तरंगणारं तेल काढून घेणारं यंत्र) चालवायची सूचना समजा. सांद्रता कमी पडली तर जंतू वाढतात, जास्त झाली तर हात फाटतात. आठवड्यातून एकदा पीएच. तो 8.5 च्या खाली घसरायला लागला तर जीवाणू आम्ल तयार करताहेत. आठवड्यातून एकदा डिपस्लाइड: द्रवात बुडवायची, डबीत परत ठेवायची, 30 अंशांवर एक-दोन दिवस ठेवून ठिपके बघायचे. एका मिलिलिटरमध्ये 10 लाखांच्या पुढे गेलं तर ती टाकी रिकामी करून धुवायचीच, चर्चा नाही. मधल्या पातळीवर कारण शोधा. अमाइन (नायट्रोजन असलेली सेंद्रिय रसायनं) असलेलं कूलंट असेल तर नायट्राइटची पट्टीही वापरा. नायट्राइट आणि दुय्यम अमाइन एकत्र आले की नायट्रोसॅमाइन तयार होतात, त्यांतली काही कर्करोगकारक मानली जातात. अमेरिकेने 1984 मध्ये काही विशिष्ट धातुकाम द्रवांत नायट्राइट मिसळायला बंदी घातली, जर्मन नियमात मर्यादा लिटरला 20 मिलिग्रॅमची आहे. नायट्राइट बाहेरून आलं नाही तरी पाण्यातल्या नायट्रेटपासून जीवाणू ते बनवतात, म्हणून ड्रमवर 'नायट्राइटमुक्त' लिहिलेलं पुरेसं नाही.

मिसळताना आधी पाणी, मग त्यात कूलंट, ढवळत. उलट केलं तर इमल्शन नीट बसत नाही आणि लवकर फाटतं. पातळी कमी झाली की पाइप लावून नुसतं पाणी सोडू नका, पातळ मिश्रण करूनच भरा. सुट्टीच्या आधी स्किमर चालवा आणि सुट्टीत टायमरवर पंप अधूनमधून फिरता ठेवा किंवा हवेचे बुडबुडे सोडा, म्हणजे ती साय धरत नाही. पार्ट धुण्याच्या यंत्रातला द्रवही याच यादीत घ्या. तो कोमट असतो, जंतूंना फार मानवतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

तर कूलंट बदलू का? तुमच्या बाबतीत हो, पण ब्रँड बदलायची घाई नको. आजच्या टाक्यांमध्ये नवा माल ओतलात तर तो दोन आठवड्यांत जुनाच होईल, कारण नळ्यांच्या आत, किसाखाली, दाराच्या खाचांत बसलेला बुळबुळीत थर नव्याला लगेच बाधतो. टाकी रिकामी करण्याआधी पुरवठादाराचा सिस्टम क्लीनर चालू द्रवात घालून तो सांगेल तितके तास फिरवा. नंतर उपसा, कीस खरवडून काढा, थर हाताने घासून काढा, पाण्याने खळखळून फिरवा आणि तेही उपसा. हे काम करणाऱ्याला मोजे, चष्मा आणि योग्य मास्क हवा, कारण त्या दिवशी टाकीतलं सगळं वाईट उघडं पडतं. उपसलेला द्रव गटारात नाही, घातक कचऱ्यात. मॅग्नेशियम कापत असाल तर ओला कीस बंद डब्यात भरू नका. पाण्याशी त्याचा हायड्रोजन होतो.

ग्राइंडरपासून सुरू करा. नवं मिश्रण भरल्यावर पहिल्याच दिवशी सांद्रता, पीएच आणि डिपस्लाइडचा आकडा तेलाने न पुसला जाणाऱ्या मार्करने मशीनच्या दारावर लिहा, तारखेसकट आणि ज्याने मोजला त्याच्या नावासकट. त्याच्या खाली दर आठवड्याचा आकडा येऊ द्या. ऑपरेटर रोज त्या दारासमोर उभा असतो. आकडा वाकडा दिसला तर तो त्यालाच सगळ्यांआधी दिसेल, आणि तो सांगायला आला तर मशीन थांबवायचा अधिकार त्याला असला पाहिजे. खोकल्याच्या माणसाचे तपासण्यांचे निकाल आले आणि त्यात न्यूमोनायटिस किंवा दमा निघाला तर मला पुन्हा लिहा. कुठल्या कामावर तो परत येऊ शकतो हे त्याच्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवावं लागेल, आणि त्यासाठी दारावरचे पहिल्या महिन्याचे आकडे लागतील.